पिपच्या रिव्ह्यूचा फॉर्म आलाय, काय लिहू?

*नमस्कार. मी 61 वर्षांची. लग्न होऊन सांगलीहून इंग्लंडात आले, आता इथलीच नागरिक आहे. काही वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थरायटिस निघाला, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. नोकरी सोडावी लागली. मुलीने मागे लागून पिपचा, म्हणजे आजारी-अपंगांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज करायला लावला, तो मंजूरही झाला. आता तीन वर्षांनी रिव्ह्यूचा फॉर्म आलाय. टेबलावर तसाच पडून आहे, नुसता दिसला तरी छातीत धडधडतं. नवीन इंजेक्शन सुरू झाल्यापासून बोटं जरा बरी आहेत, गुडघे मात्र पार गेलेत. हे म्हणतात, "काही बदल नाही असं लिहून पाठवून दे." शेजारची मैत्रीण म्हणते, "बरं वाटतंय असं चुकूनही लिहू नकोस, सगळं वाईटच लिही." त्यात यंदा भाच्याच्या लग्नासाठी सहा आठवडे सांगलीला होते. हळदीचे फोटो फेसबुकवर आहेत, कुणी पाहिले तर? मागच्या वेळी फोनवरच्या मुलाखतीत माझ्याऐवजी हेच बोलले होते. कधी कधी वाटतं, नकोच ते पैसे. आपण काही कुणापुढे हात पसरणारी माणसं नाही.*

*– एक वाचक, स्लाउ*

काकू,

हे उत्तर वाचून होताच आधी एक काम करा. पाकीट उघडा आणि पत्रावरची तारीख बघा. फॉर्म परत पाठवायला एक महिना असतो आणि तो पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, पोस्टमनने पाकीट टाकलं त्या दिवसापासून नाही. टेबलावर पडून पडून त्यातले दोन आठवडे गेले असतील तर पत्रावरच्या नंबरला फोन करा आणि वेळ वाढवून मागा. आजारी आहे, फॉर्म भरायला मदत लागते, एवढं कारण पुरतं. सहसा मुदत वाढवून देतात. फोन कधी केला, कोण बोललं, नवीन तारीख कोणती मिळाली, हे कॅलेंडरवरच लिहून ठेवा. सबळ कारण नसताना फॉर्म परत गेलाच नाही तर पैसे बंद होतात. फेसबुकच्या फोटोंची तुम्ही घेतलीये त्यापेक्षा या तारखेची धास्ती घ्यायला हवी.

आता "नकोच ते पैसे" याबद्दल, कारण हे मनात ठेवून फॉर्म भरलात तर तो अर्धवटच भरला जाईल. पिप म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट 2013 साली सुरू झालं, 2012 च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याने. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या जगण्याला जो जादा खर्च येतो त्यासाठी ते आहे. घरात पैसा किती, घर स्वतःचं आहे का, नवऱ्याची पेन्शन किती, हे त्यात विचारतच नाहीत. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्यांनाही पिप मिळतं. तेव्हा हे हात पसरणं नव्हे. तुम्ही इथे नोकरी केलीत, कर भरलात. आणि समजा भरला नसतात तरीही नागरिक म्हणून तुमचा हक्क आहेच. शिवाय पिप गेलं की त्याच्यावर टेकलेल्या बाकीच्या गोष्टीही डळमळतात. घरातलं कुणी तुमच्या नावावर केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता) घेत असेल तर तो, गाडीचा ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना) असेल तर कदाचित तोही. हे सगळं माहीत असूनही सोडायचं असेल तर जरूर सोडा. पण लाजेपोटी नको.

इतर वाचकांसाठी जाता जाता: पिप नागरिकांना किंवा कायमचं राहण्याची परवानगी असणाऱ्यांना लागू आहे. ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट आहे, त्यांनी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय पिपचा अर्ज करू नये, व्हिसा अडचणीत येतो. आणि स्कॉटलंडात पिपच्या जागी अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, तिथली पद्धत वेगळी.

काकांचा सल्ला मला पटत नाही, त्यांना माझा नमस्कार सांगून कळवा. "काही बदल नाही" एवढं लिहिलं की काय होतं ते बघा. तुमचा फॉर्म ज्याच्या समोर जातो त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याने ठरवायचं असतं की कागदांवरून निर्णय देता येतो की पुन्हा मुलाखत घ्यायची. फॉर्ममध्ये काहीच नसेल तर तो मुलाखतीला पाठवणार. भरगच्च लिहिलेलं असेल, सोबत डॉक्टरांची पत्रं असतील, तर मुलाखतीशिवायही निकाल लागू शकतो. म्हणजे लिहायचा कंटाळा केला तर तेच सगळं नंतर एका अनोळखी माणसाला फोनवर सांगत बसावं लागतं. जिथे खरंच काही बदललं नसेल तिथेही आज काय परिस्थिती आहे हे नव्याने, पूर्ण लिहायचं. मागचा फॉर्म काढून बघतील, या भरवशावर राहू नका.

फॉर्मला हात लावण्यापूर्वी दोन कागद मिळवा. एक, मागच्या वेळचं मंजुरीचं पत्र. त्यात कोणत्या गोष्टीसाठी किती पॉइंट दिले ते असतं. दुसरा, मागच्या असेसमेंटचा, म्हणजे त्या मुलाखतीचा, रिपोर्ट. तो घरी आपोआप येत नाही, फोन करून मागवला की पाठवतात. तो वाचल्यावर कळेल की काकांनी तुमच्या वतीने काय काय सांगितलं होतं. काही वाक्यं वाचून तुमच्या दोघांचं भांडण होण्याची शक्यता आहे, पण आत्ता झालेलं परवडलं.

पॉइंटांचा हिशेब थोडक्यात असा. एकूण 12 गोष्टी तपासतात. त्यातल्या 10 रोजच्या जगण्याच्या: स्वयंपाक, खाणंपिणं, औषधपाणी, आंघोळ, संडास-बाथरूम, कपडे घालणं, बोलणं, वाचणं, लोकांत मिसळणं, पैशांचे व्यवहार. उरलेल्या दोन हिंडण्याफिरण्याच्या: प्रवास ठरवून तो करणं आणि प्रत्यक्ष चालणं. दोन्ही गटांचे पॉइंट वेगळे धरतात. गटात 8 झाले तर साधा दर, 12 झाले तर वाढीव. आणि हो, वाचणं-बोलणं तुमच्या मातृभाषेतलं धरतात. "मला इंग्रजी नीट येत नाही" याला पॉइंट नाहीत, तिथे शाई वाया घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. तुमचा आजार काय आहे याला पॉइंट नसतात. तो असताना ही कामं कशी होतात, याला असतात. आणि नेमकं इथेच आपल्याकडच्या बायका मार खातात. आयुष्यभर सवय लागलेली असते की पाहुण्यांसमोर दुखणं उगाळायचं नाही, घरचं करायचं ते करायचंच. म्हणून "स्वयंपाक करता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "करते की, हळूहळू करते." काम फत्ते. समोरचा लिहून घेतो: स्वयंपाक करू शकते, शून्य पॉइंट. त्या हळूहळूमध्ये किती वेळा खाली बसलात, कोण मदतीला आलं, रात्री मनगट किती सुजलं, यातलं काहीच कागदावर उमटत नाही.

नियम तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. एखादं काम तुम्हाला "येतं" असं तेव्हाच धरायचं असतं, जेव्हा ते तुम्ही सुरक्षितपणे करू शकता, बऱ्यापैकी करू शकता, लागेल तितक्या वेळा करू शकता, आणि धडधाकट माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता करू शकता. चारातली एक गोष्ट जरी जमत नसेल, तर ते काम येत नाही असं समजायचं. शिवाय निम्म्याहून जास्त दिवस काय स्थिती असते ते मोजायचं. लग्नाच्या दिवशी काय जमलं ते नाही, आणि अगदी अंथरुणाला खिळलात तो एक दिवसही नाही.

स्वयंपाकाचंच उदाहरण घेऊ. इथे सणाचा स्वयंपाक अभिप्रेत नाही. पुरणपोळ्या होतात का, चार माणसांच्या पोळ्या लाटता का, हा प्रश्नच नाही. एका माणसापुरता, ताज्या भाज्या वापरून केलेला, एकच साधा पदार्थ शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये करता येतो का, एवढंच बघतात. भाज्या घातलेली मुगाची खिचडी म्हणा. ओव्हनसाठी खाली वाकता येत नाही हे इथे धरत नाहीत, कंबरेच्या उंचीवरचंच काम मोजतात. तर "हळूहळू करते" याऐवजी काहीसं असं लिहायचं:

"भाजी चिरताना उजव्या हाताची पकड सुटते. दोन महिन्यांपूर्वी सुरी निसटून अंगठा कापला. तेव्हापासून गाजर-बटाट्यासारखं कडक काही मी चिरत नाही, मुलगी रविवारी चिरून फ्रीजरमध्ये ठेवते. शेगडीपाशी पाच मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही, म्हणून उंच स्टूल ठेवलं आहे. कुकरचं झाकण मला लावता येत नाही. गरम पातेलं सांडशीने उचललं तर हातातून सुटतं, ते नवरा उतरवतो. तो घरी नसला तर मी शेगडी पेटवत नाही, कालचं मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाते. आठवड्यातले निदान पाच दिवस असेच असतात. बुधवारी मेथोट्रेक्सेटची गोळी असते, गुरुवारी मळमळ आणि थकवा इतका असतो की स्वयंपाकघरात जातच नाही."

हा नमुना मी माझ्या मनाने लिहिलाय, तो उतरवून काढू नका. तुमच्याबाबतीत जे खरं असेल ते याच बारकाईने लिहा. बघा, यात "खूप त्रास होतो", "फार दुखतं" असं एकदाही आलेलं नाही. गरजच पडली नाही. स्टूल हे साधन झालं, पातेलं उतरवणं ही दुसऱ्या माणसाची मदत झाली, कापलेला अंगठा हा सुरक्षिततेचा पुरावा झाला. पॉइंट अशा वाक्यांना मिळतात. सुचत नसेल तर आठवडाभर डायरी ठेवा, मराठीतच लिहा, इंग्रजी नंतर मुलगी करेल.

आंघोळीचंही असंच. आपण स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करतो. इथल्या माणसाला वाटेल ही यांच्याकडची पद्धतच असेल. तुम्ही त्या स्टुलावर गुडघे देत नाहीत म्हणून बसत असाल, टबची कड ओलांडता येत नसेल, केस धुवायला मुलीची वाट बघत असाल, तर ते स्पष्ट लिहा: आधी उभ्याने शॉवर घेत होते, अमुक महिन्यापासून बसावं लागतं. कपड्यांत ब्लाउजचे हुक, सलवारीची नाडी, मोजे, बुटांचे बंद. साडी सोडून गाऊनवर आलात, त्यामागे बोटांचं कारण असेल तर तेही लिहा. आपल्याला ती सोय वाटते, खरं तर ती माघार असते.

चालण्याच्या प्रश्नात मीटर विचारतात. 20 आणि 50 या दोन आकड्यांभोवती सगळं फिरतं, आणि बहुतेकांचा अंदाज साफ चुकतो. लंडनची डबलडेकर साधारण 11 मीटर लांब असते, त्यावरून अंदाज बांधा, किंवा मुलीला सोबत घेऊन टेपने मोजा. घरापासून कितव्या विजेच्या खांबापाशी थांबावं लागतं, किती वेळ थांबता, तेवढंच अंतर लगेच पुन्हा चालता येतं का, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते का. "टेस्कोपर्यंत जाते" असं नका लिहू; मध्ये दोनदा भिंतीला टेकून, काठी घेऊन, आणि परत येताना गाडीतून, हे त्यात दिसत नाही.

आता तुमची मैत्रीण. तिचं मन चांगलं असेल, सल्ला धोक्याचा आहे. फॉर्मच्या शेवटी सगळं खरं आहे अशी सही करायची असते. बोटं सुधारली आहेत तर ते लिहायचं. तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टच्या पत्रात ते असणारच, आणि तुम्ही लपवलेलं तिथे सापडलं की तुमच्या गुडघ्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पण सुधारणा म्हणजे नेमकी किती, ते मात्र तुम्ही सांगायचं. पूर्वी पेन धरता येत नव्हता, आता धरता येतो. बाटलीचं झाकण अजूनही उघडत नाही. इंजेक्शनचा पुढचा डोस जवळ आला की दोन-तीन दिवस पुन्हा जखडल्यासारखं होतं. असं असेल तर असंच लिहा. यात बोटांचे काही पॉइंट कमी होऊ शकतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. गुडघ्यांचे वाढूही शकतात. रिव्ह्यूमध्ये रक्कम वर जाते तशी खालीही येते.

सोबत कागद जोडताना गठ्ठा नको. स्पेशालिस्टची अलीकडची पत्रं, चालू औषधांची यादी, फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने काही लिहून दिलं असेल तर ते. सगळ्या प्रतीच द्यायच्या, मूळ कागद घरी. प्रत्येकावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. मुलीने एक पान लिहून दिलं, की मी आठवड्यात काय काय करते आणि आईला का करवत नाही, तर त्यालाही वजन असतं. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दोन ओळींच्या पत्रापेक्षा कधी कधी जास्तच, कारण जीपीने तुमचं स्वयंपाकघर कुठे पाहिलंय?

सांगलीच्या मुक्कामाचं. चार आठवड्यांपेक्षा जास्त परदेशी जाणार असाल तर आधी कळवायला हवं होतं, ते राहून गेलं. पण घाबरू नका. तात्पुरतं बाहेर गेलं तर 13 आठवड्यांपर्यंत पिप चालू राहतं, तुम्ही सहाच आठवडे होतात. आता स्वतःहून फोन करून दोन्ही तारखा सांगून टाका. त्यांनी विचारल्यावर सांगण्यापेक्षा ते कधीही बरं. आणि फोटो घाईघाईने डिलीट करू नका, ते उलट संशयास्पद दिसतं. हळदीत खुर्चीवर बसून हसणारी बाई आजारी नाही, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. विचारलंच तर जे होतं ते सांगा: विमानतळावर व्हीलचेअर घेतली होती का, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी किती वाजता उठलात, सहा आठवडे स्वयंपाकाला कोण होतं.

मुलाखत लागलीच तर ती नर्स, फिजिओ किंवा पॅरामेडिक असं कुणीतरी घेतं, सरकारने नेमलेल्या खासगी कंपनीकडून. फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर. यावेळी काकांना बोलू देऊ नका. ते प्रेमापोटी तुमच्या वतीने उत्तरं देतील आणि त्यांना दिसतं तेवढंच सांगतील, बाथरूमच्या दाराआडचं त्यांनाही माहीत नसतं. दुभाषा फुकट मिळतो. तारीख कळताच मागा आणि मराठीच हवा असं निक्षून सांगा, नाहीतर हिंदीचा लावून देतील आणि पुन्हा अंदाजपंचे चालू. काका शेजारी बसू शकतात, आठवण करून देऊ शकतात.

मुलाखतीत गप्पांसारखे प्रश्न येतात. सकाळी काय केलंत, मालिका बघता का, देवळात जाता का, बाग कोण बघतं. ते गप्पा म्हणून घेऊ नका. देवळात जात असाल तर कोण नेतं, खाली बसता की खुर्ची घेता, आरती होईपर्यंत थांबता का, हे त्याच वाक्यात सांगा. आणि सुरुवातीला "हाऊ आर यू" म्हटल्यावर सवयीने "फाइन, थँक यू" निघून जातं. मी अशा रिपोर्टमध्ये ते वाक्य छापलेलं पाहिलंय.

निकाल येईपर्यंत पैसे चालू राहतात, आणि निकालाला महिने लागू शकतात, म्हणून रोज पोस्टाकडे डोळे लावून बसू नका. निकाल पटला नाही तर पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन मागायचं, म्हणजे निकाल देणाऱ्या खात्यालाच पुन्हा बघायला लावायचं. तिथे बरेचदा पहिलाच निकाल कायम राहतो, त्याने खचू नका. पुढे ट्रायब्युनल आहे. तिथे फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही. समोर एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेला एक सदस्य असतो. सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या प्रकरणांत निम्म्याहून जास्त निकाल गेली काही वर्षं अर्जदाराच्या बाजूने लागत आले आहेत. मात्र तिथे आहेत ते पॉइंटही कमी होऊ शकतात, म्हणून त्या टप्प्यावर जाणकाराशी बोलूनच पाऊल टाका.

फॉर्म भरायला मदत सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत फुकट मिळते. काही काउन्सिलांकडेही वेल्फेअर राइट्सचे सल्लागार असतात, आणि व्हर्सस आर्थरायटिस (आता आर्थरायटिस यूके) या संस्थेची हेल्पलाइन आहे. अपॉइंटमेंट लगेच मिळत नाही, म्हणून मुदत वाढवायचा फोन आणि हा फोन एकाच दिवशी करा. भरून झाला की प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. मग त्यांनी दिलेल्या पाकिटात घालून पोस्ट ऑफिसच्या काउंटरवरच द्या आणि प्रूफ ऑफ पोस्टिंग, म्हणजे पोस्ट केल्याची पावती, मागून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. रस्त्यावरच्या लाल पेटीत टाकू नका.